शिलाईच्या लाइनवर: खुर्ची, उजेड आणि हातभर अंतर

शाळेच्या शर्टाचा खिसा घ्या. रुंदी ११ सेंमी, उंची १३ सेंमी. वरची कड आधीच दुमडून शिवलेली असते, उरलेल्या तीन बाजूंना टीप मारायची, म्हणजे ३७ सेंमी. सेंटिमीटरला साडेचार टाके धरले तर जेमतेम १६७ टाके होतात. सिंगल नीडल मशीन मिनिटाला चार-पाच हजार टाके घालू शकतं, पण खिशाला कोपरे असतात आणि प्रत्येक कोपऱ्यावर थांबून कापड वळवावं लागतं. म्हणून सरासरी वेग मिनिटाला दोन हजारच धरू. तरीही सुई चालते ती फक्त पाच सेकंद.

आणि एक खिसा लावून व्हायला ३५ ते ४० सेकंद लागतात.

बाकीचा वेळ कुठं जातो, ते मशीनशेजारी दहा मिनिटं उभं राहिलं की दिसतं. डाव्या हातानं बंडलमधून शर्टाचा पुढचा भाग ओढायचा, टेबलावर पसरायचा, खडूची खूण शोधायची. उजव्या हातानं खिसा उचलून खुणेवर बसवायचा, बोटांनी दाबून धरायचा. गुडघ्यानं बाजूची पट्टी ढकलून मशीनचा फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, उचलायचा, कापड सुईखाली सरकवायचं, फूट सोडायचा. सुरुवातीला आणि शेवटी टाके मागंपुढं करून पक्के करायचे. धागा कापायचा, शिवलेला तुकडा बाजूला टाकायचा, की लगेच पुढचा ओढायचा. हे सगळं हातांनी, मान वाकवून आणि डोळे एका जागी रोखून. दिवसाला सहा-सातशे वेळा.

म्हणून कपड्यांच्या कारखान्यात उत्पादन वाढवायचं म्हटलं की आधी नव्या मशीनकडं बोट दाखवलं जातं, ते गणितात बसत नाही. वेगवान मशीन पाचाचे चार सेकंद करील. उरलेले तीस सेकंद माणसाच्या शरीराचे आहेत, आणि ते कमी-जास्त होतात खुर्चीच्या उंचीवर, उजेडावर, बंडल कुठं ठेवलंय त्यावर, हवा किती कोंडली आहे त्यावर. शरीराला सोसेल अशी कामाची जागा बसवणं, यालाच इंग्रजीत एर्गोनॉमिक्स म्हणतात. शब्द अवघड आहे, काम सुताराच्या टेपनं होण्यासारखं आहे.

तिरुप्पूर किंवा बेंगळुरूइतका मोठा कपडेउद्योग गोव्यात नाही. इथं औद्योगिक वसाहतींमधली लहान-मध्यम युनिटं, फोंडा-डिचोली-म्हापशाकडची वर्कशॉप आणि बायकांचे स्वयंसाहाय्य गट शाळांचे गणवेश, हॉटेलांचे युनिफॉर्म, कारखान्यांचे ॲप्रन शिवतात. वीस-तीस मशीनच्या अशा युनिटात औद्योगिक इंजिनिअर नसतो. मालक, सुपरवायझर आणि मेकॅनिक मिळूनच सगळं बघतात. हा लेख त्यांच्यासाठी, आणि मशीनवर बसणाऱ्या बाईसाठीही. आपली मान का दुखते हे तिला कुणीतरी नीट सांगायला हवं.

डोळा खाली ओढतो, कोपर वर

शिलाईकामाचा मूळ पेच टेबलाच्या उंचीत आहे. सुईचं टोक दिसायला डोळे कापडाच्या जवळ हवेत, म्हणजे टेबल जितकं उंच तितकं मानेला बरं. पण टेबल उंच झालं की कोपर अंगापासून वर उचलून धरावे लागतात आणि खांदे दुखतात. टेबल खाली घेतलं तर खांदे सुटतात, मान अडकते. डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो असतं. ते सरळ असेल तर मणक्यावर तोलून राहतं. पुढं झुकलं की मानेमागचे स्नायू ते दिवसभर दोरीसारखं ओढून धरतात.

म्हणून मधली जागा शोधायची. बारीक शिलाईसाठी टेबल कोपराच्या उंचीपेक्षा ५ ते १० सेंमी वर असावं. शिवाय टेबलाला बाईच्या दिशेनं थोडा उतार दिला तर कापड डोळ्यांसमोर येतं, मान कमी झुकते आणि कोपर वर उचलावे लागत नाहीत. दहा अंशांच्या आसपासचा उतार उत्तम. हा उतार फारच कमी ठिकाणी दिसतो, आणि याच एका गोष्टीनं मानेला सगळ्यांत जास्त आराम मिळतो असं आमचं मत आहे.

आता मापं. आपल्याकडच्या बाईची सरासरी उंची १५२ सेंमीच्या आसपास आहे. तिच्या गुडघ्यामागची खोबण जमिनीपासून ३८-४० सेंमीवर येते. बसल्यावर कोपर बैठकीपासून साधारण २० सेंमी वर. म्हणजे ४० सेंमीच्या बैठकीवर कोपर ६० सेंमीला आला, आणि टेबल हवं ६५ ते ७०. प्रत्यक्षात मशीनचं टेबल असतं ७५ ते ७८ सेंमीला. ते फार खालीही नेता येत नाही, कारण फळीच्या खाली तेलाची पेटी, मोटर आणि गुडघ्याची पट्टी लटकते, मांड्या अडकतात. मग उपाय उलटा करायचा. टेबल जितकं खाली येईल तितकं आणायचं, बाकी बैठक वर घ्यायची आणि बैठकीबरोबर पॅडलही वर घ्यायचं. बैठक वर घेतली आणि पॅडल तिथंच राहिलं तर पाय लोंबकळतात, बैठकीची कड मांडीखाली रुतते आणि संध्याकाळपर्यंत पायाला मुंग्या येतात. खुर्ची बदलूनही फरक पडला नाही अशी तक्रार येते तिचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

एक मशीन बसवायला अर्धा तास पुरतो. टेप, खडू, बोल्ट फिरवायचे पाने आणि स्वतः ती बाई हवी. तिच्याशिवाय मापं घेऊ नयेत.

१. तिला नाकासमोर सुई येईल असं बसवा. टेबलाच्या मधोमध बसायची सवय सगळ्यांना असते, पण सुई टेबलाच्या मध्यावर नसते. मध्यावर बसलं की दिवसभर कंबर एका बाजूला पिळलेली राहते. पॅडलही सुईच्या सरळ रेषेत खाली यायला हवं. दांडी ढिली करून ते सरकवता येतं.

२. चप्पल घालून पाय पॅडलवर ठेवायला सांगा. गुडघ्याचा कोन काटकोनापेक्षा थोडा उघडा, १०० ते ११० अंश असावा. पाय मागं खुर्चीखाली दुमडत असतील तर पॅडल फार जवळ आहे, ते आत ढकला. टाच पॅडलवर टेकली पाहिजे.

३. खांदे सैल सोडून कोपर अंगालगत. जमिनीपासून कोपरापर्यंतचं माप घ्या, त्यात ५ ते १० सेंमी मिळवा. टेबलाच्या पुढच्या कडेची उंची एवढी ठेवा. बहुतेक स्टँडच्या पायांना भोकं किंवा बोल्ट असतात. कुणी ते वर्षानुवर्षं फिरवलेलेच नसतात, गंजलेले असले तर आदल्या रात्री तेल सोडून ठेवा.

४. उतार. पुढच्या-मागच्या पायांत ५० सेंमी अंतर असेल तर मागचे पाय ४.४ सेंमी उचलले की ५ अंश होतात, ८.८ सेंमी उचलले की १० अंश. पहिल्या आठवड्यात ५ अंशांवरच थांबा. ठोकळे सागाचे किंवा रबराचे, पाय रुतून बसतील अशी खाच पाडलेले. मशीन हललं, डगमगलं तर ते चालायचं नाही. हलत्या मशीनवर टीप वाकडी जाते. उतार दिल्यावर तेलाच्या पेटीतली पातळी पुन्हा बघा, आणि टेबलाच्या पुढच्या कडेला बोटभर उंचीची गोल पट्टी ठोका, नाहीतर कात्री आणि बॉबिन (खालच्या धाग्याची छोटी रीळ) मांडीवर येतील.

५. सगळं झालं की स्टँडच्या पायावर रंगाची खूण करा आणि आकडा लिहा. पाळीला दुसरी बाई त्या मशीनवर बसत असेल तर तिच्यासाठी दुसऱ्या रंगाची.

खुर्चीबद्दल थोडं जास्त सांगावं लागेल, कारण लहान युनिटांत खुर्ची म्हणून प्लास्टिकची हाताची खुर्ची ठेवलेली असते. लग्नमंडपात ती ठीक. मशीनवर तिचे हात कोपरांना अडवतात, तिची बैठक मागं उतरती असते तर शिवणाऱ्या माणसाचं अंग पुढं झुकलेलं असतं, आणि उंची बदलता येत नाही. मग पाठ टेकतच नाही. बाकड्याचंही तेच. हवी ती खुर्ची अशी: उंची ४२ ते ५५ सेंमीपर्यंत बदलता येणारी, बैठक साधारण ४० सेंमी रुंद आणि ३५-३८ सेंमी खोल, पुढं किंचित उतरती, पुढची कड गोल. हात नकोत. चाकं नकोत, पॅडल दाबलं की चाकाची खुर्ची मागं पळते. पाठीला टेका कमरेच्या वर थोडासा, वर-खाली सरकणारा, खांद्यांपर्यंत उंच नको. बैठकीवर तीन-चार सेंमीचा घट्ट फोम आणि त्यावर काढून धुता येईल असा सुती खोळ. आपल्या दमट हवेत रेक्झीनवर आठ तास बसलं की घामानं कपडे चिकटतात, अंगावर पुरळ येतं. शिवणकामाच्या जागी असा खोळ शिवून घेणं ही काही अडचण नव्हे.

हातभर अंतराची किंमत

कोपर अंगालगत ठेवून हात जिथपर्यंत पोचतो तो पट्टा साधारण ३५-४० सेंमीचा. दर तुकड्याला लागणारी प्रत्येक वस्तू या पट्ट्यात हवी: येणारं बंडल, जाणारं बंडल, कात्री, खिशांची चळत. तासाला एकदा लागणारी बॉबिन, सुया, तेल थोडं लांब चालेल. बंडल जमिनीवरच्या क्रेटमध्ये असेल तर बाई प्रत्येक तुकड्याला कमरेतून वाकते आणि वळते. कमरेला सगळ्यांत वाईट ती वाकून वळण्याचीच हालचाल. क्रेट स्टुलावर, टेबलाच्या उंचीला आणा. डाव्या बाजूला टेबलाला लागून ३० सेंमी रुंदीची फळी ठोकली तर पुढचा भाग हातानं सरकून येतो, उचलावा लागत नाही.

हिशेब करून पाहा. एका तुकड्याला ४५ सेकंद लागतात आणि जवळ आणल्यामुळं दोन हालचालींत एक-एक सेकंद वाचला. पाळीत कामाची ४५० मिनिटं, म्हणजे २७,००० सेकंद. ४५ नं भागलं तर ६०० तुकडे, ४३ नं भागलं तर ६२७. एका फळीनं आणि एका स्टुलानं २७ तुकडे जास्त, तेही अंगाला कमी कष्ट देऊन.

पण हे २७ तुकडे लाइनच्या शेवटी शर्ट होऊन बाहेर पडतीलच असं नाही, आणि इथंच बरेच जण फसतात. लाइन ही साखळी असते. खिसा लावणारी पुढं गेली आणि कॉलर जोडणारी मागंच राहिली तर खिसे लावलेले भाग नुसते साचतात. म्हणून सुरुवात करायची ती जिथं माल साचतो त्या कामापासून. शर्टात ते बहुधा कॉलर जोडणं किंवा बाही बसवणं असतं: लांब, गोल, दोन थर एकमेकांत भरवत न्यायची टीप. आधी ते मशीन नीट बसवा, मग त्याच्या मागचं, मग पुढचं.

लाइनची कार्यक्षमता मोजायचं सूत्र या धंद्यात सगळे वापरतात. एका शर्टाला ठरलेली मिनिटं, ज्याला एसएएम म्हणतात, गुणिले तयार शर्ट; भागिले माणसं गुणिले मिनिटं. २० जणी, ४५० मिनिटं, १८ मिनिटांचा शर्ट, दिवसाला ३०० शर्ट: ५,४०० भागिले ९,०००, म्हणजे ६० टक्के. हा एकच आकडा संध्याकाळी काढून उपयोग कमी. तासवार फलक लावा आणि दुपारी तीन ते पाचचे आकडे सकाळी नऊ ते अकराच्या शेजारी ठेवा. जिथं दुपारची घसरण मोठी आहे तिथं बहुतेक शरीर थकलेलं असतं. कच्चा माल न येणं, मशीन बंद पडणं अशा अडचणी घड्याळ बघून येत नाहीत. थकवा घड्याळ बघून येतो.

मेकॅनिकचं कामही याच हिशेबात धरा. बोथट सुई, बोथट कात्री, झिजलेले फीडचे (सुईखालून कापड पुढं ओढणारे) दात, गरजेपेक्षा जास्त घट्ट केलेला फूटचा दाब: या प्रत्येकाची भरपाई बाई बोटांच्या जोरावर करते. फीड कापड नीट ओढत नसलं की ती मागून ओढते, पुढून ढकलते, आणि मनगट वाकवून धरते. रात्री अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होतं ते यातूनच. सुई पाळीला एक बदलावी, तुटली तर सगळे तुकडे सापडल्याशिवाय काम सुरू करू नये. जुनी क्लच मोटर सुई थांबलेली असली तरी फिरतच राहते, गरम होते, घरघर करते आणि तिचं पॅडल जड असतं. सर्वो मोटर टीप चालू असतानाच वीज घेते आणि पॅडल बोटभर दाबानं चालतं. मोटर बदलायचीच असेल तर वीजबिलाबरोबर घोट्याचाही विचार करा.

उजेड

पांढऱ्या शर्टावर पांढरा धागा आणि निळ्या पँटवर निळा, हे डोळ्यांचं अवघड काम. उजेड लक्समध्ये मोजतात. शिलाईला सुईच्या जागी ७५० लक्स उजेड हवा, तपासणीच्या टेबलावर १,०००. नेमकं मोजायला लक्समीटर हवा. मोबाईलमधलं मोफत ॲप अंदाज देतं, चार मशीनची तुलना करायला तेवढं पुरतं. छतावरची ट्यूब बहुधा पाठीमागं असते आणि बाईच्या डोक्याची सावली नेमकी सुईवर पडते. म्हणून ट्यूब मशीनच्या रांगेच्या पुढं, थोडी डावीकडं सरकवा आणि प्रत्येक मशीनला सुईपाशी छोटा एलईडी दिवा लावा. लुकलुकणारी ट्यूब त्याच दिवशी बदला. तिच्या लुकलुकीत फिरतं चाक थांबल्यासारखं दिसू शकतं आणि बोट जातं.

गोव्यात हे वर्षभर सारखं राहत नाही. जून-जुलैत भरदुपारी अंधारून येतं आणि छपराच्या पारदर्शक पत्र्यांवर शेवाळ चढलेलं असतं. पावसाआधी ते पत्रे धुवा, आणि उजेडाचं माप एकदा मे महिन्यात, एकदा जुलैत घ्या.

चाळिशी ओलांडलेल्या बाईला जवळचं धूसर दिसू लागतं. ती मान आणखी खाली घालते, खूण शोधायला वेळ लावते, आणि सुपरवायझरला वाटतं ती मंदावली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आसामच्या चहामळ्यांतल्या चाळिशीपुढच्या कामगारांपैकी निम्म्यांना जवळचा चष्मा दिला होता. चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत त्यांचं पानं खुडण्याचं काम २१.७ टक्क्यांनी वाढलं. चहाचं पान सुईच्या टोकापेक्षा कितीतरी मोठं असतं. वर्षातून एकदा कारखान्यात डोळे तपासून घ्या. तपासणाऱ्याला मशीनपासून डोळ्यांचं अंतर, साधारण ३५ ते ४५ सेंमी, टेपनं मोजून सांगा. पोथी वाचायच्या अंतराचा नंबर इथं चालेलच असं नाही.

घाम, पंखा आणि पाणी

गणवेशांची घाई येते एप्रिल-मेमध्ये. शरीराला सगळ्यांत जड जाणारे दिवसही तेच. नंतर चवथीआधी पुन्हा एक धांदल, तेव्हा ऊन नसतं पण हवेत पाणी भरलेलं असतं. दमट हवेत घाम येतो पण सुकत नाही, आणि घाम सुकला नाही तर अंग थंड होत नाही. त्यात इस्त्रीची वाफ आणि तापलेला पत्रा. घामेजल्या बोटांनी पांढरं कापड धरलं की डाग पडतात, सुळसुळीत अस्तर निसटतं, आणि दुरुस्तीला परत येणारे तुकडे वाढतात.

बाहेरून आलेले सल्लागार पाण्याचा कूलर सुचवतात. सोलापूर-नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात तो छान चालतो. आपल्याकडं नाही. हवा ३३ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असली की पाण्यानं गार होण्याची सीमाच २८ अंशांच्या आसपास येते. कूलर दोन-तीन अंश उतरवील आणि त्या बदल्यात शेड ओलीचिंब करील. कापडाला कुबट वास येईल, सुया आणि बॉबिन केस गंजतील. त्यापेक्षा ओली हवा बाहेर काढा. समुद्राकडून वारा येतो त्या बाजूच्या खिडक्या उघड्या, समोरच्या भिंतीत वर एक्झॉस्ट पंखे. इस्त्रीची टेबलं एक्झॉस्टच्या खालीच, वारा येतो त्या बाजूला कधीही नको. पत्र्याला मार्चमध्ये पांढरा परावर्तक रंग. मंगलोरी कौलांची शेड असेल तर ती मोडून पत्रा घालू नका.

छताचा पंखा कापलेले तुकडे उडवतो, म्हणून बायका तो बंद करतात आणि घामात शिवतात. भिंतीवरचा पंखा कमरेच्या उंचीवरून पाठीवर वारा येईल असा लावला तर टेबलावरचं कापड हलत नाही. दिवेही बघा. बेंगळुरूच्या कपडा कारखान्यांत जुन्या ट्यूब काढून एलईडी लावले तेव्हा कडक उन्हाच्या दिवशी कामाची घसरण कमी झालेली आढळली, कारण एलईडी कमी उष्णता सोडतात. उजेडासाठी केलेला खर्च गारव्यालाही लागला.

पाण्याबद्दल स्पष्ट लिहायला हवं. कितीतरी बायका कामावर मुद्दाम पाणी पीत नाहीत, कारण शौचालयाला उठलं तर टार्गेट चुकतं, किंवा शौचालय जायच्या लायकीचं नसतं. मग दुपारी डोकं दुखतं, पोटऱ्यांत गोळे येतात, लघवीला जळजळ होते. उन्हाच्या दिवसांत दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी पोटात जायला हवं. प्रत्येक मशीनला बाटली अडकवायचा हूक लावा, टेबलावर बाटली ठेवली की ती कापडावर सांडते. आणि शौचालय स्वच्छ ठेवा, कडी लागणारं ठेवा. उत्पादकतेच्या कुठल्याही चर्चेत हा मुद्दा पहिल्या पाचांत असायला हवा.

टार्गेटमध्ये माणूस धरा

स्टॉपवॉच लावून एका कामाला ०.६० मिनिट आलं म्हणून तासाला १०० तुकडे, असं टार्गेट लावणं ही सर्रास होणारी चूक. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या कार्य-अभ्यासातल्या प्रचलित तक्त्यात बायकांसाठी वैयक्तिक गरजांचे ७ टक्के आणि मूळ थकव्याचे ४ टक्के सूट म्हणून धरतात. पुरुषांसाठी ५ आणि ४. अवघड बसणं, कमी उजेड, उभं राहणं यांची सूट वेगळी, त्यावर. नुसते ११ टक्के धरले तरी ०.६० चं ०.६६६ होतं आणि तासाला तुकडे ९०. शंभरचं टार्गेट लावून नव्वद निघाले की बाई आळशी ठरते, वास्तविक ती ठरलेलं काम पूर्ण करत असते.

तासाला पाच मिनिटांची विश्रांती उत्पादन खात नाही. थकलेले हात त्याहून जास्त खातात. ती विश्रांती घंटा वाजवून सगळ्या लाइनला एकदम द्यावी. तुकड्यावर मजुरी असेल तर कुणी आपणहून उठत नाही. उठल्यावर खांदे मागं फिरवायचे, मान हळू दोन्ही बाजूंना, मनगटं सैल सोडून झटकायची, वीस फुटांवर काहीतरी बघायचं. एवढंच.

कटिंग, तपासणी आणि इस्त्री ही उभ्यानं करायची कामं. त्यांची टेबलं कोपरापेक्षा थोडी खाली, साधारण ८५ ते ९० सेंमीला, पायाखाली जाड रबरी चटई, आणि एक पाय आलटून-पालटून टेकवायला बोटभर उंच पट्टी. इस्त्री वरून स्प्रिंगला टांगली तर तिचं वजन मनगटावर येत नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ४४ नं उभ्यानं काम करणाऱ्यांसाठी बसायची सोय सांगितली होती, कलम ५५ नं सलग पाच तासांच्या आत निदान अर्ध्या तासाची सुटी. पणजीत आल्तिनोवर कारखाने व बाष्पक निरीक्षणालय आहे. शंका असेल तर तपासणीची वाट न पाहता आधीच जाऊन विचारावं.

हाताला मुंग्या येऊन रात्री जाग येत असेल, हातातून वस्तू पडत असतील, किंवा मानेचं दुखणं हातात उतरत असेल तर बाम चोळून दिवस काढू नयेत. ईएसआयच्या (कामगार विम्याच्या) दवाखान्यात जाऊन काम काय करता ते सविस्तर सांगा: किती तास, कुठलं मशीन, कुठला हात. ही बाई कदंबची बस पकडून घरी गेल्यावर विळीवर नारळ खोवते, धुण्याचे पिळे पिळते, त्याच मनगटांनी. दुखणं लवकर सांगितलं तर कामाची अदलाबदल करून, मनगटाला विश्रांती देऊन ते आटोक्यात येतं. हाताची पकड गेल्यावर फार उशीर झालेला असतो.

सगळा कारखाना एका दिवसात बदलू नका. साचणारं काम ज्या लाइनवर आहे तिथली सहा मशीन निवडा. आधी एक आठवडा तासवार तुकडे, दुरुस्तीला परत आलेले तुकडे आणि गैरहजेरी लिहा. कागदावर माणसाची आकृती काढून प्रत्येकीला दुखतं तिथं पेननं गोल करायला सांगा, नाव न लिहिता. मग बदल करा. पहिले चार-पाच दिवस आकडे खाली येतील. हातांना वर्षांची सवय असते, नव्या उंचीवर टीप थोडी बिचकते. याच दिवसांत बहुतेक ठिकाणी सुपरवायझर घाबरतो आणि ठोकळे काढून टाकतो. निदान तीन आठवडे थांबा. एखादी म्हणाली की उतार नको, तर तिचा काढा. कारण विचारा, बहुधा तिचं पॅडल चुकलेलं असतं.

आकडे वर आले की त्याच आठवड्यात टार्गेट वाढवायचा मोह होतो. तो टाळा. वाढलेल्या तुकड्यांतला वाटा त्या सहा जणींना मिळाला, तर सातवी आपणहून येऊन म्हणेल, माझ्या मशीनचंही माप घ्या. चौथ्या आठवड्यात आकृतीचे कागद पुन्हा वाटा आणि आधीच्या कागदांशेजारी ठेवा. खांद्यावरचे गोल कमी होऊन कमरेवरचे तसेच राहिले असतील तर आता खुर्चीचा टेका आणि बंडलची जागा पुन्हा तपासायची.